पाच ताऱ्यांचं समाधान

सर हजेरी उलटी घ्यायचे. वर्गात आले की कापडी पिशवी टेबलावर ठेवायची, खुर्ची भिंतीकडे सरकवायची आणि नुसतं म्हणायचं, "हं." मग मुलांनी आपापला नंबर ओळीनं ओरडायचा. तृतीय वर्ष वाणिज्यचा वर्ग, शंभराच्या वर पोरं. आवाज जिथे तुटेल तिथे सर यादीतलं नाव बघायचे आणि ते पूर्ण, बापाच्या नावासकट, इतक्या मोठ्यानं घ्यायचे की खाली सायकल स्टँडवर ऐकू जायचं. आलेल्यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नसे. "आलेले दिसतायत मला," म्हणायचे. "जो नाही त्याचं नाव कोणी तरी घ्यायला नको?"

मी दोंडाईच्याची. जळगावच्या त्या स्वायत्त कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा विभागात आम्ही दोघंच होतो. सर निवृत्तीला आलेले आणि मी दर जूनला नव्या ऑर्डरची वाट बघणारी. स्टाफरूममध्ये सरांना 'गैरहजर सर' म्हणत. ते तिथे बसायचेच नाहीत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधोमध त्यांचं टेबल होतं. लिहायचे फक्त पेन्सिलीनं. पेन जवळ ठेवायचेच नाहीत. पगारपत्रकावर सही करायची झाली तरी कोणाचं तरी मागून घ्यायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पेनवाल्या माणसाचा स्वतःवर फार विश्वास असतो, माय. मना नही."

चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एरवी माय. रागावले किंवा हळवे झाले की त्यांची शिंदखेड्याकडची अहिराणी वर यायची.

लग्न केलेलं नव्हतं. शनिवारी दुपारची बस पकडून धुळ्याला थोरल्या बहिणीकडे जायचे, सोमवारी सकाळी परत. आकडा पूर्णांकात करून सांगितला की चिडायचे. त्यांना वय विचारलं तर महिने-दिवसांसकट सांगायचे. एकदा सलग आठ दिवस एका मुलाचा नंबर तुटला म्हणून ते त्या मुलाच्या गावी गेले. मुलगा कपाशी वेचत होता. सरांनी कमरेला फडकं बांधलं आणि दुपारपर्यंत त्याच्या बरोबरीनं वेचत त्याला प्रमाण विचलन समजावलं. त्या मुलाच्या आईनं पुढे कितीतरी दिवाळ्यांना सरांकडे वाती वळून पाठवल्या. ही गोष्ट कॉलेजात हसायला म्हणून सांगितली जायची. मीही हसले आहे.

त्या वर्षी बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती. आमच्याकडे विषयनोंदणी नवीन ऑनलाइन पद्धतीनं सुरू झाली होती. मुलांनी मोबाईलवर मुख्य विषय, जोडविषय निवडायचे आणि पावती काढायची. या नोंदणीबद्दल विद्यार्थी किती समाधानी आहेत, ते मोजून अहवाल द्यायचा होता. प्राचार्यांनी काम संख्याशास्त्र विभागाकडे दिलं. मला आनंदच झाला. समितीसमोर विभागाचं नाव येईल, माझंही येईल, असं वाटलं.

माहिती तर तयारच होती. नोंदणीच्या शेवटी पडद्यावर पाच तारे यायचे आणि मुलांनी बोट लावून ते पिवळे करायचे. जवळजवळ सगळ्यांनी पाचच्या पाच पिवळे केले होते. मी तक्ते काढून सरांपुढे ठेवले. त्यांनी ते उलटसुलट केले आणि मला म्हणाले, "चल, आपण नोंदणी करून बघू."

संगणकाच्या खोलीत बसून आम्ही एका खोट्या नावानं फॉर्म भरला. शेवटी तारे आले. सरांनी एकच तारा लावला. लगेच एक चौकट उघडली. 'असमाधानाचं कारण किमान शंभर शब्दांत लिहा.' मग पाच लावून पाहिले. पावती ताबडतोब आली. काहीच लावलं नाही तेव्हा पावती आलीच नाही.

सरांनी माउसवरचा हात काढला. "हाई बठ्ठं खोटं शे," म्हणाले. "सगळंच खोटं. आणि ज्याला इथवर येताच आलं नाही, त्याला तर हे विचारलंच नाही."

फॉर्म अर्धवट राहिलेल्यांची यादी त्यांनी संगणकवाल्याच्या मागे लागून काढली. छापली तेव्हा चार पानं भरली. ती घेऊन आम्ही प्राचार्यांकडे गेलो.

"सर, मुलं समाधानी आहेत का, एवढंच समितीला हवंय," प्राचार्य म्हणाले. "जे आपले विद्यार्थीच नाहीत, त्यांचं समाधान आपण कशाला मोजायचं?"

"ते आपले का नाहीत, तेच मोजायचंय," सर म्हणाले.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर समितीच्या तयारीच्या फायलींची चळत होती आणि चेहऱ्यावर जागरण दिसत होतं. "मोजा. पण अहवाल वेळेत द्या," म्हणाले.

पुढचे काही रविवार सर धुळ्याला गेले नाहीत. आम्ही दोघं एसटीनं यादीतल्या गावांना गेलो. बरेच फोन लागत नव्हते, म्हणून पत्त्यावर जाण्याशिवाय मार्ग नव्हता. पारोळ्याला एक जण बाजार समितीत सापडला, पाठीवर पोतं घेतलेला. सरांनी आमच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तसाच विचारला, "नोंदणीच्या प्रक्रियेबद्दल आपण किती समाधानी आहात?" तो म्हणाला, "सर, बाजूला व्हा, पोतं पडेल अंगावर." सरांनी पेन्सिलीनं ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग पहूरला गेलो. बौद्ध वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. यादीत नाव होतं करुणाचं. तिचे वडील केळी कापणीच्या टोळीत काम करायचे. कॉलेजातून आलोय म्हटल्यावर ते एवढे गडबडले की दोन्ही हात धोतराला पुसत उभेच राहिले. आईनं चहा ठेवला.

"पोरगी मैत्रिणीकडे गेली अभ्यासाला," वडील म्हणाले. "रोज सकायच्या गाडीनं कॉलेजात जाऊ राह्यली. कधी नागा नाही तिचा. काही चुकलं का सर तिचं?"

मी सरांकडे पाहिलं. आमच्या यादीप्रमाणे ती मुलगी कॉलेजात असायलाच नको होती. सर भिंतीकडे बघत होते. तिथे फडताळावर बुद्धाची लहान मूर्ती होती आणि शेजारी एका मुलीचा फोटो, हातात निबंध स्पर्धेचं प्रशस्तिपत्र. सर उठून फोटोजवळ गेले. त्यांचा चेहरा मी असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"नाही, नाही," ते वळून म्हणाले. "काही चुकलं नाही. वर्गात असते ती. रोज असते."

वडिलांचा जीव भांड्यात पडला. आम्ही चहा प्यायलो. निघताना त्यांनी केळीची अख्खी फणी सरांच्या पिशवीत घातली.

परतीच्या बसमध्ये सरांनी पिशवी मांडीवर घेतली होती. जामनेर गेलं, मग नेरीजवळ ते खिडकीकडे बघत म्हणाले, "ती मना वर्गमा बसस वं, माय. शेवटच्या बाकावर. तिची वही तपासलीय मी. यादीत नंबरच नाही तर आवाज तुटणार कुठे?"

सोमवारी तास संपल्यावर त्यांनी तिला उत्तरपत्रिकांच्या खोलीत बोलावलं. मीही तिथे होते. बारीक, सावळी मुलगी. दारातच उभी राहिली.

"नंबर घेतो तेव्हा तू काय करतेस?" सरांनी विचारलं.

"खाली बघते, सर."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

हळूहळू तिनं सांगितलं. फॉर्म तिनं मैत्रिणीच्या मोबाईलवर भरला, पण त्यात नंबर वडिलांचा होता, कारण घरात तोच एक फोन. पडताळणीचा आकडा त्या फोनवर यायचा आणि फोन केळीच्या बागेत. तीन वेळा प्रयत्न केला, तीनदा वेळ संपून पान पुसलं गेलं. चौथ्यांदा ती कार्यालयाच्या खिडकीशी आली. उद्या ये म्हणाले. उद्या आली तर पोर्टल बंद झालं होतं. पुढच्या वर्षी ये म्हणाले.

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाबांनी सगळ्या गावाला सांगितलंय, पोरगी यंदा पदवीधर होणार." ती पहिल्यांदा रडकुंडीला आली. "मला वाटलं, वर्गात बसत राहिले तर मध्येच कोणी तरी नाव घालेल."

त्या दिवशी सर जेवले नाहीत एवढं मला आठवतं.

परीक्षेचे अर्ज भरायची मुदत जवळ आली होती. सर रोज प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसायचे. करुणा मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायची, तिला मी माझ्या डब्यातलं द्यायचे. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"एका मुलीचं नाव आत्ता घातलं," प्राचार्य म्हणाले, "तर आपली नोंदणी चुकते हे आपणच लिहून दिल्यासारखं होईल. तेही समितीच्या तोंडावर. तुमचा अहवाल काय म्हणतो, सर?"

"अजून चालू आहे."

"तो एकदा नीट आला, नोंदणी उत्तम आहे असं कागदावर आलं, की एखादं नाव तांत्रिक दुरुस्ती म्हणून घालता येतं. मी बघतो."

बाहेर आल्यावर सर जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "माय, तू सांग. काय करू?"

मी म्हटलं, "सही करा, सर. एका कागदानं काय होतं? पोरीचं वर्ष वाचेल."

हे मी करुणासाठी म्हटलं, असं मला तेव्हा वाटत होतं. आणि माझी ऑर्डर त्याच केबिनमधून निघायची, हेही मला माहीत होतं. दोन्ही खरं आहे.

अहवाल मीच टाईप केला. पिवळ्या ताऱ्यांचे तक्ते, वर रंगीत आलेख. 'विद्यार्थी नोंदणी प्रक्रियेबाबत अत्यंत समाधानी आढळले.' सरांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. ते सही करत असताना मी कागद दाबून धरला. त्यांनी ते वाक्य वाचलंसुद्धा नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस आला आणि गेला. करुणाचं नाव लागलं नाही. प्राचार्यांनी हात पसरले. "मी पाठवलं होतं, सर. वरून दुरुस्ती मंजूर झाली नाही. माझ्या हातात काय आहे?" त्यांनी खरंच पाठवलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

सरांनीच तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेवटचा बाक रिकामा होता. मुलांनी नंबर ओरडले, सगळे ओळीनं, एकही तुटला नाही. सर पिशवी उचलून न शिकवताच वर्गाबाहेर गेले.

आठवड्यानं तिचे वडील आले. धुतलेलं धोतर, टोपी. उत्तरपत्रिकांच्या खोलीच्या दाराशी चपला काढल्या. सर उठून उभे राहिले.

"बसा ना, भाऊ."

"नाही बसत." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सर, तुम्ही माझ्या घरी चहा प्यायले. मी इचारलं, पोरीचं काही चुकलं का. तुम्ही म्हणाले, वर्गात असते."

"ती असायची वर्गात."

"हाव. असायची. पण तुम्हाले माहीत होतं."

सरांनी हात जोडले. वडिलांनी तिकडे पाहिलं नाही. खिशातून साधा बटणांचा मोबाईल काढून त्यांनी तो तळहातावर ठेवला. "तो आकडा इच्यावर आला होता, सर. तीनदा आला. मी वाचला. मला वाटलं, कंपनीवाल्यायचा मेसेज. तीनही खेपा मी तो पुसून टाकला. तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, तर पोरीला एकटीला हे वागवावं लागलं नसतं."

ते गेले. सर तसेच हात जोडून उभे होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

समिती आली त्या दिवशी सभागृहात रांगोळी होती, स्वागतगीत झालं, प्राचार्यांनी पडद्यावर आमचा आलेख दाखवला. समितीच्या अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, हे काम कोणाचं? सर उठले. मला वाटलं, नमस्कार करून बसतील.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "अहवाल खोटा आहे."

मग त्यांनी पिशवीतून ती चार पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. पूर्ण नावं, बापाच्या नावासकट, गावासकट, वर्गात घ्यायचे तशाच आवाजात. कोणी माईक बंद केला, पण त्यांना माईक कधी लागलाच नव्हता. पहिलं पान संपायच्या आत दोन सहकाऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. तरी जिन्यावरून नावं ऐकू येत होती. करुणाचं नाव तिसऱ्या पानावर होतं. तेही जिन्यावरूनच ऐकू आलं. अध्यक्षांच्या हातात सरांनी जाता जाता अहवाल खोटा असल्याची एक चिठ्ठी दिली होती. अध्यक्षांनी ती घडी करून खिशात ठेवली.

अर्ध्या तासानं प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर कोरा कागद होता.

"मॅडम, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या," ते म्हणाले. "त्यांची तब्येत अलीकडे बरी नाही, एवढंच लिहा. त्यांच्याच भल्याचं आहे. नाही तर चौकशी लागेल त्यांच्यावर, निवृत्तीच्या तोंडावर."

मी लिहिलं. 'सर गेले काही महिने मानसिक तणावाखाली असून त्यांच्या वागण्याबोलण्यात विसंगती जाणवते.' पेनानं, माझ्या सुवाच्य अक्षरात, खाली सही. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? त्यांना चौकशीतून वाचवतेय, असं मी स्वतःला बजावत होते. जूनमध्ये माझी ऑर्डर आली.

सरांना निवृत्तीपर्यंत सक्तीच्या वैद्यकीय रजेवर पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. उत्तरपत्रिकांची खोली रिकामी करून तिथे नवीन संगणक बसवले.

मी धुळ्याला त्यांना भेटायला गेले ती एकदाच. देवपूरमधलं बहिणीचं घर. अक्कांनी दार उघडलं. सर खाटेवर बसून शेंगा सोलत होते. खूप वाळले होते. माझ्याकडे बघून हसले, आवाज न करता, नेहमीसारखे.

"सर, तो कागद..." मी सुरुवात केली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला दाखवला त्यांनी. तुझं अक्षर चांगलं आहे, माय." यात टोमणा होता का, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडलं नाही.

मग त्यांनी सांगितलं की ते पहूरला जात होते. बाहेरून परीक्षेला बसवता येईल, तयारी मी करून घेतो, हे सांगायला. पहिल्या दोन खेपांना दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला करुणा अंगणात आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही नका येऊ आता. तुम्ही येऊन गेले की बाबा दिवसभर जेवत नाहीत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नही गऊ." त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "माझ्यामुळे एक माणूस उपाशी राहतो. ते कशात मोजायचं?"

अक्का मला जेवून जा म्हणत होत्या. मी गाडीची वेळ सांगून निघाले.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढताना. अक्कांचा फोन आल्यावर मी कॉलेजात दोघातिघांना कळवलं. मग जुन्या यादीतला पहूरचा नंबर लावला. का लावला, ते मला सांगता येणार नाही. करुणाच्या वडिलांनी उचलला. मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पांझरेच्या काठी स्मशानात आम्ही पंधरा-वीस माणसं होतो. कॉलेजातून मी एकटी. अग्नी दिल्यावर मागे वळले तर बाभळीखाली करुणाचे वडील उभे होते, टोपी हातात घेऊन. पहूरहून दोन गाड्या बदलून आले असतील. मी जवळ गेले. ते ज्वाळांकडे बघत होते.

"मॅडम, गावातलं एक पोरगं सांगत होतं," ते म्हणाले, "सरनं त्या मोठ्या साहेबांपुढं आमच्या पोरीचं नाव घेतलं होतं. खरं का?"

"खरं आहे. लिहूनही दिलं होतं, अहवाल खोटा आहे म्हणून."

"मंग त्या कागदाचं काय झालं?"

मला काहीही सांगता आलं असतं. हरवला म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. मी सांगितलं की मी दुसरा कागद लिहून दिला, सर भ्रमिष्ट झालेत असा. म्हणून पहिला कोणी वाचला नाही. आणि सही करा, असं त्यांना सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"पोरगी जामनेरले कापडाच्या दुकानात जाते आता," ते म्हणाले. "तुमचं नाव घेते अजून. म्हणते, त्या दिवसांत मॅडम मला रोज त्यांच्या डब्यातलं द्यायच्या. कॉलेजातलं एवढंच एक चांगलं सांगते ती." ते माझ्याकडे वळले. "आता हे तिला सांगू का नको, ते तुम्हीच सांगा."

"सांगा," मी म्हटलं. "तिला सांगा, भाऊ."